बंद घड्याळांचे चमकते भाग आणि हाताने घडवलेले दागिने: एक आढावा

बंद पडलेल्या घड्याळांच्या सुट्या भागांपासून दागिने घडवण्याची कला आता चांगली रुळली आहे. दातेरी चाकांचे झुमके, जुन्या तबकडीचा लोलक, पारदर्शक रेझिनमध्ये काटे बसवून केलेली अंगठी, अशा वस्तू प्रदर्शनांत हमखास दिसतात आणि विकल्याही जातात. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले यंत्र भंगारात जाण्याऐवजी कुणाच्या गळ्यात मिरवत असेल तर त्यात वावगे काही नाही. वाद आहे तो एकाच प्रकारच्या भागांबद्दल: अंधारात उजळणारे काटे, तासांच्या खुणांवरचे ठिपके आणि चमकत्या रंगाने लिहिलेले आकडे. यांतले काही पूर्णपणे निरुपद्रवी आहेत, तर काही किरणोत्सारी. कारागीर, संग्राहक, घड्याळजी, किरणोत्सर्गाच्या सुरक्षेचे अभ्यासक आणि सरकारी नियामक असे सगळेच या वादात आहेत, आणि बहुतेक वेळा चर्चा ‘एवढ्याशा मात्रेने काय होते’ या प्रश्नावर येऊन थांबते. मात्रेचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ओळखीचा: हातातल्या भागावर कोणता पदार्थ आहे, हे ठाऊक आहे का, आणि दागिना झाल्यावरही ते ठाऊक राहणार आहे का? उपलब्ध पुरावा याच बाजूने अधिक जोराने बोलतो.

चमक कशाची?

घड्याळात उजेड देणाऱ्या पदार्थांच्या ढोबळमानाने चार पिढ्या झाल्या. मेरी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये रेडियम शोधले आणि त्यानंतर पाचएक वर्षांतच ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून स्वयंप्रकाशी रंग करता येतो हे लक्षात आले. या पहिल्या प्रयोगकर्त्यांत न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांचे रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुन्झ होते. म्हणजे चमकता रंग आणि दागिन्यांचा धंदा यांची गाठ अगदी सुरुवातीपासूनची आहे. पहिल्या महायुद्धात अंधारात वाचता येणाऱ्या तबकड्यांची मागणी वाढली आणि अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज, कनेटिकटमधल्या वॉटरबरी आणि इलिनॉयमधल्या ओटावा या गावांत शेकडो तरुणी त्या रंगवू लागल्या. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरायला त्यांना शिकवले गेले होते. त्यांचे जबडे सडले, हाडे मोडली, अनेकींचा मृत्यू झाला. ऑरेंजमधल्या पाच जणींचा दावा 1927 मध्ये न्यायालयात गेला आणि 1928 मध्ये तडजोडीने मिटला. कॅल्शियमशी रासायनिक साधर्म्य असल्यामुळे रेडियम हाडांत जाऊन बसते आणि तिथून आयुष्यभर मारा करत राहते, हे वैद्यकशास्त्राला या स्त्रियांच्या शरीरांवरून कळले. तरीही घड्याळांतला रेडियमचा वापर 1960 च्या दशकापर्यंत चालू राहिला.

त्यानंतर प्रोमेथियम-147 आणि ट्रिटियम आले. प्रोमेथियमचे अर्धायुष्य सुमारे 2.6 वर्षे. पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळातले प्रोमेथियम आता दहा लाखांत दोन भाग इतकेच उरलेले असते, त्यामुळे आजच्या चर्चेत त्याचे स्थान नगण्य. ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षे. ते दोन रूपांत येते. एक, प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकात बांधून रंगात मिसळलेले. तबकडीच्या तळाशी स्विस नावाशेजारी ‘टी’ हे रोमन अक्षर दिसते ते याचेच. दुसरे, काचेच्या केसासारख्या बारीक नळीत वायुरूपाने कोंडलेले. अशा नळ्या आजही बनतात. चौथी पिढी जपानमधल्या नेमोटो या कंपनीची. तिने 1993 मध्ये युरोपियम आणि डिस्प्रोसियमचा अंश असलेले स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट विकसित केले. हा पदार्थ अजिबात किरणोत्सारी नाही. तो प्रकाश शोषतो आणि काही तास हळूहळू परत देतो. 1990 च्या दशकाअखेरीस स्विस घड्याळांनी याच पदार्थाचा अवलंब केला आणि आज नव्या घड्याळात जी चमक दिसते ती जवळपास नेहमी याचीच असते. आपल्याकडे वाहनांच्या नंबरप्लेटवरच्या परावर्तक पट्ट्यांना आणि रात्री उजळणाऱ्या स्टिकरना सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. त्यांत रेडियमचा कणही नसतो. पण त्यामुळे जुन्या घड्याळातले खरे रेडियम हेही तसलेच काहीतरी असेल, असा समज सहज होतो.

या चार पिढ्या एका ओळीत ठेवल्या की एक उलटी गोष्ट नजरेत भरते. रेडियमचे अर्धायुष्य 1600 वर्षे आहे. साठ वर्षांत त्यातले जेमतेम अडीच टक्के कमी होते. मात्र त्याच्या अल्फा कणांच्या सततच्या माऱ्याने झिंक सल्फाइडची जाळी मोडते आणि रंगाची चमक काही वर्षांत, फार तर काही दशकांत, विझते. म्हणून 1950 च्या घड्याळातला तपकिरी पडलेला, अंधारात काहीच न दाखवणारा काटा आज सर्वांत धोकादायक असतो आणि खिडकीत ठेवल्यावर रात्रभर हिरवा उजेड देणारा काटा सर्वांत सुरक्षित. ‘चमकत नाही म्हणजे मेले’ ही घड्याळांच्या बाजारातली सरसकट समजूत वस्तुस्थितीच्या नेमकी विरुद्ध आहे.

वापरणाऱ्यांची बाजू

जुने चमकते भाग वापरावेत असे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी समजू नये. त्यांचा पहिला मुद्दा असा, की ही घड्याळे कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षे मनगटावर बांधली, उशाशी ठेवली आणि त्या वापरातून रंगवणाऱ्या मुलींसारखे आजार उद्भवल्याचे कुठे दिसले नाही. आजारी पडल्या त्या रंग पोटात गेलेल्या स्त्रिया. दुसरा मुद्दा मात्रेचा. माणसाला निसर्गातूनच, म्हणजे जमीन, अन्न, हवेतला रेडॉन आणि अवकाशातले किरण यांतून, जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत राहणाऱ्यांना तो याहून कितीतरी जास्त मिळतो आणि तिथल्या करुनागप्पळ्ळी भागातल्या दीर्घकालीन पाहणीत कर्करोगाचे वाढीव प्रमाण आढळले नाही. मग लोलकातल्या एका काट्याची चिंता कशासाठी? तिसरा मुद्दा बंदिस्तपणाचा: अल्फा कण कागदानेही अडतात, तेव्हा दोन मिलिमीटर रेझिनमध्ये बुडवलेला काटा उघड्या घड्याळापेक्षा सुरक्षितच म्हणायला हवा. चौथा मुद्दा पुनर्वापराचा आहे आणि तो मनापासूनचा आहे. हे भाग टाकून दिले तर ते कचऱ्यात जाणार. दागिन्यात ते निदान कुणाच्या तरी निगराणीत राहतात.

यातले पहिले दोन मुद्दे आकड्यांच्या पातळीवर बरेचसे बरोबर आहेत. अखंड घड्याळ वापरणाऱ्याला मिळणारी मात्रा अल्प असते, याबद्दल अभ्यासकांतही फारसे दुमत नाही. पण हे मुद्दे अखंड घड्याळाबद्दल आहेत आणि दागिन्याचे काम सुरू होते ते घड्याळ उघडल्यावर. जुन्या काट्याची रचना जवळून पाहिली की फरक कळतो. काटा मधोमध पोकळ असतो. रंग त्या खाचेत सेतूसारखा भरलेला असतो आणि मागच्या बाजूने उघडाच राहतो. रंग धरून ठेवणारे वार्निश सत्तर वर्षांत वाळून ठिसूळ झालेले असते. काटा मधल्या दांड्यावरून उपसताना किंचित वाकला तरी रंगाला तडा जातो, तपकिरी पापुद्रे सुटतात आणि टेबलावर भुगा पडतो. तबकडी लोलकाच्या मापाने कातरली, तिला भोक पाडले किंवा कानसीने कड घासली, तर तोच भुगा हवेत जातो. दिसणारा भुगा पुसता येतो. श्वासाबरोबर आत जाणारा कण दिसत नाही.

इथे एक आकडा बोलका आहे. रंगवणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासातून अमेरिकेने 1941 मध्ये शरीरात साठलेल्या रेडियमची कमाल मर्यादा 0.1 मायक्रोग्रॅम ठरवली. अनेक जुन्या तबकड्यांवर एकूण रेडियम याहून जास्त असते. काही मोठ्या आणि लष्करी घड्याळांत ते एक मायक्रोग्रॅमच्या घरातही जाते, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे सेकंदाला सुमारे 37,000 विघटने. संपूर्ण तबकडी कुणी गिळत नाही आणि गिळलेल्यापैकी थोडाच भाग हाडांत टिकतो, हे खरे. तरी काचेखाली निरुपद्रवी असलेली आणि कामाच्या टेबलावर भुगा झालेली वस्तू एकाच मापाने मोजता येत नाही. केरळच्या वाळूचा दाखला बाहेरून येणाऱ्या किरणांचा आहे. हाडांत बसलेल्या रेडियमबद्दल तो काही सांगत नाही.

रेझिनचा मुद्दा अर्धा खरा आहे. अल्फा कण रेझिनमध्ये अडतात, बीटा कणही काही अंशी अडतात. पण रेडियमच्या विघटनमालिकेतली शिसे आणि बिस्मथ ही अपत्ये गॅमा किरण सोडतात आणि ते सहज आरपार जातात. दिवसाचे कित्येक तास छातीवर टेकलेला लोलक ही मनगटावरच्या, धातूचे झाकण मागे असलेल्या घड्याळापेक्षा वेगळी परिस्थिती आहे. शिवाय घरगुती इपॉक्सी रेझिन उन्हाने पिवळे पडते, ओरखडते, तडकते. सोळाशे वर्षांच्या अर्धायुष्याच्या पदार्थाला दहा-वीस वर्षे टिकणारे आवरण म्हणजे सोय, बंदोबस्त नव्हे. रेडियमपासून सतत तयार होणाऱ्या रेडॉन वायूचा प्रश्न एका तुकड्यापुरता फारसा नाही, साठ्यापुरता आहे. ब्रिटनमध्ये 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीस जुन्या रेडियम घड्याळांचा संग्रह बंद, छोट्या खोलीत ठेवल्यावर रेडॉनची पातळी तिथल्या शिफारशीच्या 134 पट आढळली. कामासाठी सुट्या काट्यांच्या पुड्या खणात साठवणाऱ्या कारागिराने हा आकडा लक्षात ठेवावा.

नियामकांची बाजू

नियामकांची भूमिका मात्रेपासून सुरूच होत नाही. त्यांचा पहिला निकष समर्थनीयतेचा: किरणोत्सारी पदार्थ वापरण्याचे कारण त्याच्या जोखमीला पुरून उरते का? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 2014 च्या मूलभूत सुरक्षा मानकांत खेळणी आणि वैयक्तिक दागिने यांतला किरणोत्सारी पदार्थांचा वापर थिल्लर आणि म्हणून असमर्थनीय मानला आहे. 2013 चे युरोपीय निर्देशपत्र खेळणी आणि अलंकार यांच्या निर्मितीत असे पदार्थ हेतुपुरस्सर घालण्यास बंदी करते. अमेरिकेत 2007 च्या नियमांनी रेडियमची अखंड घड्याळे आणि सुटे काटे-तबकड्या यांत स्पष्ट भेद केला. अल्प मात्रेची अखंड घड्याळे परवान्यातून मुक्त आहेत. सुटे भाग सर्वसाधारण परवान्याच्या अटींखाली येतात. घड्याळ उघडून दुरुस्त करायला त्या परवान्यात मुभा आहे, पण रेडियमयुक्त नवी वस्तू बनवणे त्यात बसत नाही.

यावर कारागिरांचा एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे: आम्ही नवीन पदार्थ ‘घालत’ नाही, आधीच असलेला भाग पुन्हा वापरतो. भाषेच्या दृष्टीने आक्षेपाला जागा आहे आणि पुनर्वापराची प्रत्येक देशातली कायदेशीर व्याख्या अजून सारखी झालेली नाही. तरी नियमामागचा हेतू पाहिला तर उत्तर अवघड नाही. घड्याळात रेडियम होते ते खंदकातल्या सैनिकाला किंवा रात्रपाळीच्या रेल्वे कर्मचाऱ्याला वेळ कळावी म्हणून. लोलकात ते काम उरत नाही, पदार्थ मात्र तेवढाच उरतो. ट्रिटियमबाबत मतभेद अधिक खरे आहेत. त्याचे बीटा कण इतके दुबळे की कातडी भेदू शकत नाहीत, आणि नळी फुटली तरी वायू पटकन विरून जातो. ब्रिटनमध्ये अशा नळ्यांच्या किल्लीसाखळ्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. अमेरिकेत त्या थिल्लर वापर म्हणून नामंजूर आहेत. ट्रिटियमच्या रंगाचे गणित निराळे. तो हळूहळू ट्रिटियम बाहेर सोडतो आणि प्लॅस्टिकच्या डबीतली अशी घड्याळे वापरणाऱ्यांच्या लघवीत ट्रिटियमचे वाढीव प्रमाण आढळले आहे. मात्रा अल्प होती, पण पदार्थ कातडीवाटे शरीरात शिरतो हे त्यातून दिसले. आता 1990 च्या दशकातल्या तबकडीवर मूळच्या ट्रिटियमपैकी साधारण पाचवा हिस्सा उरला आहे आणि काळ तो प्रश्न आपोआप लहान करत आहे. रेडियमबाबत काळ अशी मदत करत नाही.

न्यूयॉर्कच्या अंगठ्या

या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा पुरावा घड्याळांबाहेरचा आहे आणि तो फारसा मांडला जात नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोगाच्या उपचारासाठी रेडॉन वायू भरलेल्या सोन्याच्या बारीक कुप्या वापरत. रेडॉनचे अर्धायुष्य 3.8 दिवसांचे, त्यामुळे कुपी लवकरच निकामी व्हायची. मात्र रेडॉन विघटून शिसे-210 तयार होते, त्याचे अर्धायुष्य सुमारे 22 वर्षे, आणि ते सोन्यातच अडकून राहते. अशा वापरलेल्या कुप्यांचे सोने 1930 आणि 1940 च्या दशकांत वितळवून बाजारात आले आणि त्याच्या अंगठ्या झाल्या. वापरणाऱ्यांच्या बोटांवर वर्षानुवर्षे बरा न होणारा चट्टा, मग व्रण, आणि काही जणांत त्वचेचा कर्करोग. 1981 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने लोकांना दागिने तपासून घेण्याचे आवाहन केले. लाखाहून जास्त दागिने तपासले गेले आणि त्यांत शंभरावर दूषित निघाले.

ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य करायला हवे. बोटात रुतून बसणारी दूषित सोन्याची अंगठी आणि रेझिनमधला एक काटा यांच्या तीव्रतेत फार मोठा फरक आहे, आणि घड्याळाच्या लोलकामुळे कुणाला कर्करोग होईल असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. पण घडले कसे, ते पाहावे. रुग्णालयात त्या कुप्या काय आहेत हे सर्वांना ठाऊक होते. वितळवणाऱ्या भट्टीत ते ठाऊक नव्हते. सोनाराला ठाऊक नव्हते, गिऱ्हाइकाला तर नाहीच, आणि बोटावरचा चट्टा पाहणाऱ्या डॉक्टरलाही सुचले नाही. दागिना ही माणसाच्या वस्तूंत सर्वांत जास्त हात बदलणारी वस्तू आहे. ती भेट दिली जाते, वारसाने जाते, मोडीत जाते, आणि प्रत्येक हस्तांतरात तिची माहिती थोडी गळते. घड्याळ निदान घड्याळ म्हणून ओळखू येते. त्याचा सन, त्याची कंपनी, तबकडीवरचे अक्षर यांवरून जाणकार अंदाज बांधतो. रेझिनमध्ये इतर चार वस्तूंबरोबर गोठलेल्या काट्याला ती सोय नाही. आपल्या देशात 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातून लिलावात गेलेल्या यंत्रातले कोबाल्ट-60 भंगारवाल्यांच्या हाती पडले आणि एका कामगाराचा जीव गेला. तिथली मात्रा काट्याच्या कितीतरी पट मोठी होती, पण माहिती हरवण्याची वाट तीच होती.

स्वित्झर्लंडचा अनुभवही याच दिशेला बोट दाखवतो. तिथे जुरा भागातल्या कित्येक घरांत 1960 पर्यंत बायका-माणसे घरबसल्या तबकड्या रंगवत. ती घरे विकली गेली, नव्या रहिवाशांना काहीच माहीत नव्हते. 2015 पासून तिथल्या सरकारला विशेष कार्यक्रम आखून शेकडो घरे तपासावी लागली, काहींच्या फरशा आणि बागांची माती काढावी लागली. घरांच्या निदान नोंदी असतात. दागिन्यांच्या नसतात.

न सुटलेले प्रश्न

ओळख हाच कळीचा मुद्दा असेल तर ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर अपुरे आहे. अतिनील टॉर्चखाली स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट झगझगीत उजळते आणि टॉर्च बंद केल्यावरही बराच वेळ तसेच राहते. थकलेला रेडियमचा रंग बहुधा लगेच मावळतो. पण झिंक सल्फाइड ट्रिटियमच्या रंगातही असते, त्यामुळे या दोघांत भेद करायला टॉर्च पुरत नाही. गायगर यंत्र रेडियम चटकन दाखवते. ट्रिटियमचे दुबळे बीटा कण मात्र त्याच्या खिडकीतून आतच शिरत नाहीत, म्हणून शांत राहिलेले यंत्र ट्रिटियम नसल्याची ग्वाही देत नाही. तबकडीवरचे ‘टी’ उपयोगी आहे, पण दुरुस्तीत काटे बदललेले असू शकतात किंवा जुन्या तबकडीवर नवा रंग भरलेला असू शकतो. दुसरा न सुटलेला प्रश्न विल्हेवाटीचा. एक निकामी काटा कचऱ्यात टाकू नका असे सांगणे सोपे. तो कुठे द्यायचा, याचे सामान्य माणसाला परवडणारे उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळते. पुनर्वापरवाल्यांचा चौथा मुद्दा इथे जिवंत राहतो. त्याला माझे उत्तर एवढेच, की सुरक्षित ठेवण्याचा सर्वांत चांगला डबा म्हणजे त्या घड्याळाची स्वतःचीच बंद डबी. घड्याळ उघडले नाही, तर त्याचा इतिहास आणि त्यातला पदार्थ दोन्ही एकत्र आणि ओळखू येण्याजोगे राहतात. जुन्या घड्याळांची कदर करणारे संग्राहकही, वेगळ्या कारणाने, हेच म्हणतात.

चमक हवी असणाऱ्या कारागिराचे यात नुकसान नाही. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची भुकटी हिरव्या आणि निळसर छटांत मिळते, मोठ्या दाण्याची भुकटी अधिक तेजाने उजळते, आणि ओलाव्याने ती खराब होत असल्याने रेझिनचे आवरण तिच्या पथ्यावरच पडते. चाके, स्प्रिंगा, मुकुट, चमकता रंग नसलेल्या तबकड्या आणि 2000 नंतरच्या घड्याळांचे ओळख पटलेले काटे, एवढे साहित्य या कलेला पुष्कळ आहे. रिकाम्या, रंग न भरलेल्या काट्यात स्वतः नवा रंग भरला तर जुन्या घड्याळाचा आकार आणि नव्या पदार्थाची निर्धोक चमक दोन्ही साधतात. मात्र त्यासाठी जुना रंग खरवडून काढायचा नाही. खरवडणे हीच या सगळ्यातली सर्वांत धोक्याची कृती आहे.

म्हणून कारागिरांना विनंती, की चमकत्या दागिन्याच्या चिठ्ठीवर ‘रेडियम’ असे न लिहिता वापरलेल्या पदार्थाचे खरे नाव लिहावे, आणि ज्या भागाची ओळख पटत नाही तो रेडियमचाच समजून घड्याळ बंद ठेवावे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात सुट्या तबकड्या-काट्यांचे वाटे विकणाऱ्यांना आणि गल्लीतल्या घड्याळजींना ही माहिती सर्वांत आधी पोहोचायला हवी, कारण घड्याळ पहिल्यांदा उघडते ते त्यांच्या हातात. अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तिनगरात आहे. मराठी, हिंदी आणि उर्दूत एका पानाचे पत्रक काढून ते या दुकानांपर्यंत नेणे मंडळाने मनावर घ्यावे.